पिराजीच्या हातचा चेहरा

"हालू नगंस. तेल मुळापर्यंत जाऊ दे."

पिराजीची बोटं माझ्या दाढीत शिरली होती. केस जिकडे झुकतात त्याच्या उलट, हनुवटीखालून कानाकडे, तो सावकाश चोळत होता. मी बॅरेकसमोरच्या लिंबाखाली पालथ्या बादलीवर बसलो होतो. पौषातली सकाळ होती. उन्हात असूनही अंगावर काटा येत होता.

"वरवर चोपडलं की तेल केस पितात," तो म्हणाला. "कातड्याला पाजायचं असतंय. दाढी करताना केस तरास देत न्हाईत, मीटरवाल्या. कातडं देतंय."

मी वीज कंपनीत मीटर रीडर होतो, म्हणून मीटरवाला. माझं नाव श्रीरंग मुळीक, पण त्या जेलमध्ये ते फक्त गिनतीच्या वेळी ऐकू यायचं. पिराजी टिपुगडे पक्का कैदी होता. तालुक्याच्या गावी त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. भागीदाराशी भांडण झालं, हातात कात्री होती, आणि जन्मठेप लागली. जेलचा न्हावी तोच. कच्च्या कैद्यांची डोकी आणि दाढ्या करताना तो सलूनच्या गोष्टी सांगायचा.

"माज्या खुर्चीतनं उठल्याला माणूस शंभरात उठून दिसायचा. तलाठी ताटकळत बसायचा, पण दुसऱ्या खुर्चीवर जायचा न्हाई."

"आणि मामलेदार?"

"मामलेदाराला टक्कल होतं. त्येचं काय करणार?"

मी हसलो. तिथे आल्यापासून हसण्याचा प्रसंग क्वचितच येत असे.

माझ्यावरचा आरोप असा होता. माझ्या भागातल्या एका गल्लीत, भर दुपारी, एका निवृत्त शिक्षिकेच्या डोक्यात कोणीतरी वरवंटा घातला आणि हातातल्या बांगड्या काढून नेल्या. बाई वाचल्या, पण त्या दुपारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शिवा नावाचा इस्त्रीवाला बसायचा. त्याने एक माणूस पळताना पाहिला होता. सडपातळ, सावळा, दाढी-मिशी नसलेला. त्या दिवशी त्या गल्लीतले मीटर मी वाचले होते. मी सडपातळ आहे, सावळाही आहे. फक्त दाढी होती, ती कॉलेजात असल्यापासून.

ती हौसेची नव्हती. माझे केस कुरळे. ब्लेड फिरवलं की नवा केस बाहेर न येता वळून कातडीतच घुसायचा. दुसऱ्या दिवशी गळाभर पुळ्या, चौथ्या दिवशी पू. शेवटी एका डॉक्टरने सांगितलं, सोडून दे. तेव्हापासून सोडली होती.

फौजदाराचं म्हणणं वेगळं होतं. मी गुन्ह्यानंतर दाढी वाढवून चेहरा लपवला. ऑफिसातल्या ओळखपत्रावरच्या फोटोत दाढी आहे, असं मी सांगितलं. फोटो जुना आहे, मधे काढली असशील, तो म्हणाला. माझ्या बाजूने बोलू शकतील असे चौघे-पाच जण ऑफिसात होते. कोर्टाची पायरी कोणालाच चढायची नव्हती.

मुलाखतीला बायको यायची, शालन. मधे दुहेरी जाळी. पलीकडून दहा बायका एकदम ओरडत असायच्या, त्यात तिचा आवाज वेचून काढावा लागायचा.

"वकील म्हणतात, पुरावा एकच आहे. तो इस्त्रीवाला."

"मग?"

"ओळख परेड होणार आहे. त्याने ओळखलं नाही तर जामीन नक्की. ओळखलं तर..." तिने जाळीत बोटं अडकवली. "ओळखलं तर खटला संपेपर्यंत आत. आणि मग पुढे किती, ते वकील बोलत नाहीत."

"मी नव्हतोच तर ओळखेल कसा?"

"तुम्ही असं बोलता तेव्हा मला जास्त भीती वाटते," शालन म्हणाली.

दोन दिवसांनी जेलरने मला बोलावून आदेश वाचून दाखवला. साक्षीदाराने पाहिलेला माणूस गुळगुळीत चेहऱ्याचा होता, सबब परेडच्या दिवशी सकाळी आरोपी आणि त्याच्यासोबत उभे राहणारे सहा कच्चे कैदी, सगळ्यांची दाढी-मिशी काढण्यात यावी. वकिलांनी हरकत घेतली होती, ती टिकली नव्हती.

बॅरेकमध्ये येऊन मी भिंतीला पाठ लावून बसलो. मला माझं तोंड माहीत होतं. कोरडं ब्लेड फिरलं की गळा लालबुंद होणार. सात जणांत एकाचाच जबडा सोललेला. शिवाने त्या दुपारी कोणाला पाहिलं होतं याला मग काय अर्थ राहिला? ज्याची दाढी नुकतीच उतरवली, तोच आरोपी, हे कोणीही सांगेल. बॅरेकचं दार संध्याकाळी बंद व्हायचं, त्याची मला सवय झाली होती. हे बंद होणं वेगळं होतं. माझ्याच कातडीने मला आत कोंडलं होतं.

पिराजीला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याला फर्लोची, म्हणजे रजेची, घाई होती. नातू झाला होता आणि फाल्गुनात त्याचं जावळ काढायचं होतं.

"माज्या नातवाच्या डोक्याला दुसऱ्या न्हाव्याचा हात लागायचा व्हय?" तो सगळ्यांना विचारायचा. "भावकीत तोंड काय दाखवू?" अर्ज गेला होता. पोलीस ठाण्याचा अहवाल यायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जेलच्या ऑफिसात बोलावणं आलं. मला वाटलं, रजा मंजूर झाली. तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"नाही म्हणाले?"

"व्हय बी न्हाई, न्हाई बी न्हाई." तो माझ्या शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने कनवटीतून एक लहान बाटली काढली. "मीटरवाल्या, तुज्या तोंडाचं मी बगतो. परेडला आठवडा हाय न्हवं? रोज सकाळी ये. खोबरेल हाय, दवाखान्यातनं थोडं एरंडेल आणून घालतो. आठवडाभर कातड्याला तेल पाजलं की ब्लेड लोण्यावरनं फिरल्यागत फिरतंय. एक पुळी उठली तर माजं नाव बदल."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, पण त्याला ते दिसलं असावं, कारण तो उठून दुसरीकडे गेला.

म्हणून मी रोज सकाळी पालथ्या बादलीवर बसू लागलो. तो बाटली आधी काखेत धरून ऊब द्यायचा. चार थेंब तळहातावर घ्यायचा, त्यापेक्षा जास्त नाही. जेलमध्ये तेल सोन्यासारखं जपायचे. चोळून झालं की लिंबाची सावली बादलीवरून सरकेपर्यंत मी तसाच बसायचो. मग तो भटारखान्यातून गरम पाण्यात पिळलेलं फडकं आणून तोंडावर दाबायचा. आत घुसलेले एकदोन केस तो सुईच्या टोकाने वर उचलून मोकळे करायचा. कातडी नरम पडत चालली, हे मला बोटांना कळत होतं. रात्री मी हनुवटी चाचपायचो आणि मग झोप लागायची.

एवढं मात्र मी पाहिलं होतं, पहिल्या सकाळनंतर पिराजी बोलायचा कमी झाला होता. तलाठी नाही, मामलेदार नाही.

"अण्णा, बरं नाही का?"

"थंडी हाय," तो म्हणायचा.

परेडच्या सकाळी आम्हा सात जणांना मधल्या चौकात आणलं. त्या सहा जणांना मी ओळखत होतो. माझ्याच अंगलटीचे, माझ्याच रंगाचे निवडले होते. पिराजीने आधी त्यांना घेतलं. जेलचा साबण, थंड पाणी, अर्धं ब्लेड, वर तुरटीचा खडा. भराभर, मेंढ्या कातरल्यासारखं. एकाच्या ओठावर कापलं, तो शिवी देऊन उठला.

मला शेवटी घेतलं. माझ्यासाठी गरम फडकं होतं. तेल चोळलं, थांबला, त्यावर फेस केला, आणि पहिल्यांदा केसांच्या कलाने, मग आडवं, हलक्या हाताने ब्लेड फिरवलं. मला ब्लेड जाणवलंच नाही. नंतर पुन्हा तेलाचे दोन थेंब गालांवर आणि गळ्यावर फिरवले.

"तुरटी नको?"

"तुला न्हाई. तुज्या तोंडाची आग हुईल."

हवालदार काठी टेकून बाजूला उभा होता. पिराजीने पेटीतून टिनाच्या पाठीचा आरसा काढला आणि माझ्या हातात दिला. आठवडाभर त्याने तो एकदाही दाखवला नव्हता.

"बग. एक पुळी न्हाई."

मी पाहिलं. इतक्या वर्षांनी माझा स्वतःचा जबडा. लाली नाही, ओरखडा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आरसा परत देऊ लागलो तर त्याने घेतला नाही.

"उनात धरून बग." मग हवालदाराला ऐकू जाईल अशा आवाजात, जुन्या बढाईने, तो म्हणाला, "माज्या खुर्चीतनं उठल्याला माणूस शंभरात उठून दिसतोय. हितं तर सातच हायेत."

तो हसत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि मग त्याने नजर माझ्यावरून काढून त्या सहा जणांवर नेऊन ठेवली.

मीही तिकडे पाहिलं.

थंडीने उललेले, साबण सुकून पांढरट पडलेले, तुरटीने राखेसारखे झालेले सहा चेहरे. मग मी आरसा उन्हात धरला. माझे गाल नव्या पातेल्यासारखे चमकत होते.

आठवडाभर मी ज्याला सुटका समजत होतो ती हीच होती. लाल गळा लपला होता आणि त्याच्या जागी त्याहून मोठी खूण माझ्या तोंडावर बसली होती, आणि बसवताना मी स्वतः मान वर करून दिली होती. मी सदऱ्याच्या बाहीने गाल पुसला. आरशात पाहिलं. तेल पसरलं आणि गाल आणखी चमकला.

"चला, रांगेत," हवालदार म्हणाला.

नायब तहसीलदार शिंत्रे मॅडम दोन पंचांसह आत आल्या. जाड चष्मा, हातात रुमाल, सर्दीने नाक लाल. पोलिसांना परेडच्या वेळी आत यायची परवानगी नसते. फौजदार फाटकाबाहेर होता. मॅडमनी आम्हाला ओळीने उभं केलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला रांगेत कुठे उभं राहायचं ते तुम्ही ठरवू शकता. कपडे कोणाशी बदलायचे असतील तर बदला. आणखी काही?"

हे त्या प्रत्येक परेडला विचारत असणार. मी तोंड धुऊ द्या म्हणणार होतो. पण थंड पाण्याने तेल निघत नाही, आणि निघालं तरी त्या राखेसारख्या चेहऱ्यांत माझा मऊ जबडा वेगळाच राहणार होता.

"मॅडम, ह्या सगळ्यांना तोंडाला तेल लावायचंय."

"काय?"

"माझ्या तोंडाला तेल आहे. ह्यांच्या नाही. मी एकटाच वेगळा दिसतो."

एक पंच हसला. "लग्नाला उभे करायचेत का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढे आल्या, चष्मा सारखा केला आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक गाल पाहत गेल्या. परत माझ्यासमोर आल्या.

"ह्याला तेल कोणी लावलं?"

चौकाच्या कडेला पिराजी पेटी आवरत होता. "मी, बाईसाहेब. न्हावी हाय."

"एकट्यालाच का?"

"त्येचं कातडं नाजूक हाय, बाईसाहेब."

"तेल आहे तुमच्याकडे? सगळ्यांना पुरेल एवढं?"

मला ती लहान बाटली आठवली. तिच्यात फार तर चमचाभर उरलं असेल.

पिराजीने पेटीत हात घातला आणि एक मोठी बाटली बाहेर काढली. खांद्यापर्यंत भरलेली. इतकं तेल त्या जेलमध्ये मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

"पुरंल की," तो म्हणाला.

त्याने सहाही जणांची तोंडं स्वतः चोळली, गाल, गळा, कानामागेसुद्धा. ज्याचा ओठ कापला होता त्याने झोंबल्याबरोबर पुन्हा शिवी हासडली. मग मॅडमनी पिराजीला चौकाबाहेर जायला सांगितलं आणि साक्षीदाराला बोलावलं.

शिवा इस्त्रीवाला साठीच्या पुढचा होता. डोक्याला मफलर, उजव्या हाताची बोटं कोळशाने काळी. तो रांगेच्या सुरुवातीला थांबला. त्याने पहिल्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, गालाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या गालाकडे पाहिलं. तिसऱ्याजवळ किंचित वाकून त्याने वास घेतला. चौथा मी होतो. माझ्याही गालाकडे पाहून तो पुढे गेला. शेवटपर्यंत जाऊन तो परत आला आणि मधेच उभा राहिला, चुकीच्या स्टँडवर उतरल्यासारखा.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी पाहिलेला माणूस ह्यांत असेल तर त्याच्या खांद्याला हात लावा."

"बाई," शिवा म्हणाला, "हे तर समदेच तेल लावल्यालं हायेत."

"बरं, मग?"

"एकच असंल म्हणून सांगितलं होतं."

मॅडमनी रुमाल नाकावरून खाली घेतला.

"कोणी सांगितलं होतं?"

शिवाने फाटकाकडे पाहिलं. त्याचा काळा हात मफलरच्या टोकाशी खेळत राहिला.

"ते मी लिहून घेते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता तेल विसरा. तोंडं बघा. तुम्ही पाहिलेलं तोंड ह्यांत आहे का, एवढंच सांगा."

तो पुन्हा निघाला. या वेळी त्याने डोळे वर केले. माझ्यासमोर तो बराच वेळ थांबला. त्याचे डोळे म्हाताऱ्या माणसाचे, पाणावलेले होते, आणि ते माझ्या चेहऱ्यावर खरोखर काहीतरी शोधत होते. पकडल्यापासून मला असं नीट पाहणारा तो पहिलाच.

"न्हाई," तो म्हणाला. "त्यो ह्यात न्हाई, बाई. त्येचं कपाळ असं नव्हतं."

संध्याकाळी दार बंद व्हायच्या आधी पिराजी लिंबाखाली भेटला. मी समोर जाऊन उभा राहिलो. मारावं की मिठी मारावी, ते ठरत नव्हतं.

"फौजदारानं बोलावलं होतं ना तुला? त्या दुपारी?"

"व्हय."

"काय म्हणाला?"

"इस्त्रीवाल्याला दाढीवाला फोटू दाखवून उपेग न्हाई म्हणाला. परेडला मीटरवाल्याच्या तोंडाला तेल लाव, तुज्या फर्लोचा अहवाल चांगला धाडतो." तो पेटीची कडी चाळवत राहिला. "लावलं की मी."

"आणि ती बाटली?"

"भटारखान्यातनं, दवाखान्यातनं, वॉर्डरांकडनं, थोडं थोडं." त्याने खांदे उडवले. "मला तुला तेल लाव म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्यांना लावू नको असं कुटं कोण म्हणालं होतं?"

"आणि मला उमगलंच नसतं तर?"

"मग तू आत ऱ्हायला असतास, आन् मी जावळाला गेलो असतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हवालदार उभा होता. त्येच्यापेक्षा जास्त मला बोलता येत नव्हतं."

घंटा झाली. आम्ही आपापल्या बॅरेककडे गेलो.

मला माघात जामीन मिळाला. पुढे खटला उभाच राहिला नाही. पिराजीचा अर्ज त्याच महिन्यात फेटाळला गेला. ठाण्याचा अहवाल प्रतिकूल होता. ज्या सकाळी मी सुटलो त्या सकाळी तो कोणाची तरी दाढी करत होता. हात न थांबवता त्याने मला गावाचं नाव आणि जावळाचा दिवस सांगितला.

"तिथल्या न्हाव्याला घाई असती. त्येला म्हणावं, आदी तेल. आन् मुरू दे."

फाल्गुनात शालनला घेऊन मी त्या गावी गेलो. पिराजीच्या घरात आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. जेलमधून निरोप घेऊन आलोय, एवढं सांगितल्यावर सुनेने पाट दिला. मामाच्या मांडीवर पोर रडून लाल झालं होतं. न्हावी वस्तरा उघडून बसला होता, त्याला दुपारी आणखी एक जावळ होतं.

"थांबा," मी म्हणालो. "आधी तेल लावायचंय."

"आवो, पाणी लावलंय की."

"आजोबांनी सांगितलंय."

सुनेने आत जाऊन खोबरेलाची वाटी आणली. मी ती दोन्ही हातांत धरून कोमट केली आणि चार थेंब तळहातावर घेतले. पोराच्या टाळूवर केस पातळ होते, मागे दाट. मी केसांच्या उलट दिशेने, मुळापर्यंत, सावकाश चोळत गेलो. ते हळूहळू रडायचं थांबलं, आणि मग डोळे मिटून, मान माझ्या हातावर टाकून, झोपून गेलं.

न्हाव्याने वस्तरा पुढे केला.

"अजून नाही," मी म्हणालो. "मुरू दे."